अकराची सिरोंचा

आमचे घरमालक मला पहिल्यांदा दिसले तेव्हा ते आपल्या अंगणात उभे राहून कोंबड्यांना पुढे सरकायला सांगत होते.

"चला, सरका गा. मधात मोकळं हाये. दाराशी गर्दी नाई कराची."

कोंबड्या ढिम्म. मग त्यांनी खिशातून तिकिटं टोचायचा चिमटा काढला, चौकटीवर टकटक वाजवला, आणि कोंबड्या खरोखरच सरकल्या. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बोला बाई. कुठी जाचं?"

"कुठंच नाही. खोल्या बघायला आलेय."

"मंग बसा. उभ्यानं बोलाचं नाई, पडते माणूस."

त्यांनी दाखवलेली खुर्ची अंगणात चांगली घट्ट रोवून उभी होती, पडायचा काही संबंध नव्हता. तरी मी बसले. त्या माणसाच्या आवाजात असं काही होतं की समोरच्यानं आधी बसावं आणि मग विचार करावा.

एसटीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. सकाळची बुद्धवंदना झाली की ते खाकी शर्ट चढवत, तो संध्याकाळी अंगणात सडा पडल्यावरच उतरे. जन्मभर त्यांनी आमच्या मूल गावापासून सिरोंच्यापर्यंत गाडी केली. सावली, व्याहाड, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, मग नुसतं जंगल, आणि शेवटी नदीकाठी तेलुगू बोलणारं सिरोंचा. ही नावं ते वंदनेच्याच सुरात म्हणत. गल्लीत सगळे त्यांना कंडक्टरभाऊ म्हणायचे, आणि गल्लीला ते गाडी समजायचे. एकदा कोपऱ्यावरून एका मोटरसायकलवर तिघं पोरं चालली होती, तर भाऊंनी हात दाखवून गाडी थांबवली आणि एकाला उतरवून चालत घरी पाठवलं. उतरवलेला तोच मोटरसायकलचा मालक होता. तो मुकाट्यानं गेला, हे त्यातलं विशेष.

त्यांची बायको, ज्यांना मी मावशी म्हणायचे, त्या या सगळ्याकडे स्वयंपाकघराच्या दारातून बघत असत. त्या म्हणायच्या, "ह्या माणसानं जन्मभर लोकायचे लेकरं घरी पोचवले. आपलं कधी मे महिन्यात पाह्यलं नाई." खरंच होतं ते. उन्हाळा म्हणजे लग्नसराई, जादा गाड्या. भाऊ मुक्कामी सिरोंच्याला आणि मुलगा इकडे आईपाशी वाढत गेला. तो आता पुण्याला असतो. नातवंडं दिवाळीत येतात, उन्हाळ्यात कधीच नाही. "तिकडच्या उन्हात? नको बाबा," असं तो फोनवर म्हणतो. हे भाऊंनी मला एकाच वाक्यात सांगितलं होतं, "इथी ऊन हाये म्हणून येत नाईत," आणि सांगून कूलरमध्ये पाणी भरायला निघून गेले. त्यांना ते फार लागलं होतं. दुसऱ्या कशाबद्दल ते एका वाक्यात थांबत नसत.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढची गाडी सुटायची नाही. मी साताऱ्याकडची. मूलच्या सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये कामाला लागले. नवरा सूरजागडला खाणीवर सर्व्हेयर, तो सुट्टीलाच घरी. थोरला मुलगा सहा वर्षांचा, धाकटी साडेतीनची. शाळा, बालवाडी चालू असेपर्यंत सगळं कसंबसं जमत होतं. उन्हाळ्यात दोन्ही बंद होतात आणि दवाखाना मात्र दुप्पट चालू होतो. म्हणून आदल्या वर्षी मी मुलांना माझ्या आईकडे साताऱ्याला पाठवलं होतं. जूनमध्ये परत आणलं तर धाकटी माझ्याकडे यायला तयार नाही. आजीला आई म्हणते आणि माझ्याकडे पाहुण्या बाईकडे बघावं तसं बघते. कित्येक दिवस माझ्या हातचं जेवली नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले आहे, खोटं कशाला बोलू.

आणि तरीही पुढच्या मार्चमध्ये मी आईला फोनवर सांगत होते, "हो, एप्रिलमध्ये ये आणि घेऊन जा. दुसरा काय इलाज आहे?" आमच्या आणि भाऊंच्या मधली भिंत अर्ध्या विटेची. फोन ठेवला तर भाऊ दारात उभे.

"लेकरं कुठी नाई जात."

"भाऊ, मी दिवसभर दवाखान्यात. त्यांच्याकडे कोण बघणार?"

"मी काऊन हावो मंग?"

"अहो, सेहेचाळीस-सत्तेचाळीस डिग्री होतं इथं! आई म्हणते पोरं भाजून निघतील."

भाऊ चिडलेच. "इथी माणसं नाई राहत का? आमचे लेकरं का भट्टीत भाजून मोठे झाले? नाई जात म्हणलं तं नाई जात. अकराले गाडी सुटते, पाचले पोचते. मधात कोणी उतराचं नाई. तुमी पाचले या, लेकरं घ्या."

मला वाटलं हा त्यांचा नेहमीचा चक्रमपणा. पण दुसरा इलाज नव्हता, आणि मनातून मला कुणीतरी 'नाई जात' असं म्हणायला हवंच होतं. ते माझ्याच तोंडून निघत नव्हतं.

एप्रिलमध्ये गाडी सुरू झाली.

गाडी म्हणजे भाऊंच्या घराची मधली खोली. जाड भिंतींची, एकच खिडकी. भिंतीला लागून दोन बाकं एकामागे एक, त्यामागे एक बाज. खिडकीला ओलं पोतं, कोपऱ्यात पत्र्याचा कूलर. आढ्याला एक घंटी टांगलेली आणि तिचा दोर खोलीभर खिळ्याखिळ्यातून फिरवलेला. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला. तिकीट म्हणजे पळसाचं पान. भाऊ चिमट्यानं त्याला भोक पाडत आणि ते सिरोंच्यापर्यंत जपून ठेवायचं. मध्येच केव्हाही मावशी तिकीट तपासनीस होऊन स्वयंपाकघरातून येत आणि ज्याचं पान हरवलं त्याला लसूण सोलायला बसवत.

पहिल्या आठवड्यात मी सुट्टी काढून एक फेरी केली, कारण माझा विश्वास बसत नव्हता. अकराला भाऊंनी दार लावलं, कडी घातली. बाहेर पांढरंफटक ऊन, आत एकदम अंधार आणि ओल्या पोत्याचा वास. "मूल सुटलं!" सावलीपर्यंत सगळ्यांनी कूलरसमोर तोंड नेऊन 'आऽऽ' करायचं. पंख्यानं आवाज थरथरतो, आणि मुलं त्यावर इतकी हसतात की बघणाऱ्यालाही राहवत नाही. तोच गाडीचा हॉर्न. व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल लागला की दोघांनी आपापले तांबे घेऊन कूलरमध्ये पाणी ओतायचं. "नदीले पाणी वाढून राह्यलं!" भाऊ ओरडत आणि माझी धाकटी घाईघाईनं निम्मं पाणी स्वतःच्या फ्रॉकवर घेई. गडचिरोलीला गाडी बराच वेळ थांबे. तिथं जेवण, गार आंबील आणि मिठात बुडवलेली कैरी. चामोर्शीला गप्प बसायचं, कारण ड्रायव्हरला झोप येते. आष्टी येईतो पोरं बाजेवर आडवी झालेली असत. आलापल्लीला जाग येई, आणि पुढच्या जंगलात बाजेखाली वाघ शोधायचा. वाघ म्हणजे मावशींचं मांजर, ते गार फरशीसाठी तिथंच पडलेलं असे. शेवटी एक घंटी, "सिरोंचाऽ! सगळे उतरा," दार उघडलं की पाच वाजलेले, अंगणात सावली आलेली. बादलीतल्या पाण्यात गावरान आंबे टाकलेले. कधी भाऊंचा ओळखीचा ड्रायव्हर खरोखरच्या सिरोंच्याहून ताडगोळे आणून देई, तेव्हा तर चैनच. मुलं उघड्या अंगानं ओल्या अंगणात बसून आंबे चोखत, कोपरापर्यंत रस, आणि मी दवाखान्यातून येऊन तशीच पायरीवर बसायची. मला त्यांना आधी अंघोळ घालावी असं कधीच वाटलं नाही.

भाऊंचे नियम लवचीक नव्हते. माझ्या थोरल्याच्या ते लक्षात आलं आणि एक दिवस त्यानं डाव टाकला. अकराला तो म्हणाला, "मला सावलीपर्यंतचंच तिकीट द्या."

भाऊ चमकले. "सावलीले काय हाये तुह्यं?"

"काम आहे."

आता ज्याचं तिकीट सावलीचं, त्याला सावलीला उतरवणं भाग. त्यांनी पानाला भोक पाडलं. सावलीला एक घंटी वाजवली आणि थोरला ऐटीत उतरून स्वयंपाकघरात गेला. अंगणाच्या दाराला कुलूप होतंच. आत मावशी चिंच फोडून चिंचोके काढत होत्या. त्यांनी त्यालाही बसवलं. भिंतीपलीकडून पुलावरच्या पाण्याचा आवाज आला, धाकटीचं हसणं आलं, आणि साहेबांना चिंचोके मोजायची वेळ आली. गडचिरोलीची घंटी होताच तो दारात. "भाऊ, मला गाडीत घ्या ना."

"जागा हाये का पाह्यतो," भाऊ म्हणाले, आणि एका सहा वर्षांच्या मुलासाठी जवळजवळ रिकामी खोली त्यांनी नीट न्याहाळली. "या. मधात सरका."

त्यांचं हे 'मधात उतराचं नाई' काही खेळापुरतं नव्हतं, हे मला मावशींनी सांगितलं. नोकरीत असताना भर मे महिन्यात, भर दुपारी आलापल्लीच्या पुढे एका फाट्यावर लग्नाला निघालेलं एक कुटुंब उतरायला उठलं. कडेवर एक तान्हं, हाताला दोन लहान पोरं. फाट्यावर एक झाड नाही, आणि गाव चांगलं आत. भाऊंनी घंटीच दिली नाही. बापये भांडायला लागले, मुहूर्त चुकेल म्हणाले. भाऊंनी पुढच्या गावच्या चहाच्या टपरीपाशी, छपराखाली, सगळ्यांना उतरवलं आणि ऊन कललं तेव्हा परतीच्या गाडीत बसवून दिलं. मुहूर्त चुकला. वऱ्हाडानं तक्रार केली, भाऊंना साहेबापुढे उभं राहावं लागलं. साहेबानं विचारलं, "लोकांनी म्हटलं तिथं उतरवायचं एवढंच तुमचं काम ना?" भाऊ म्हणाले, "साहेब, मुहूर्त दुसरा निघते. लेकरू दुसरं नाई निघत." साहेबानं समज दिली. भाऊंनी ती ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तेच करायला मोकळे झाले.

मला वाटतं, ते बरोबर होते की नाही हा प्रश्नच नाही. त्या लग्नघरच्यांना विचाराल तर ते आजही शिव्या देतील. पण एखाद्या माणसानं आपल्याला नको तितकं सांभाळावं असं नशीब फार थोड्यांचं असतं.

मेच्या मधल्या आठवड्यात टीव्हीवर आमच्या जिल्ह्याचं तापमान लाल अक्षरात दाखवू लागले आणि साताऱ्याहून आई निघाली. मला न विचारता. सोबत परतीची तीन तिकिटं काढून. तिचं एक आणि मुलांची दोन.

"तू हट्टी आहेस," ती आल्या आल्या म्हणाली. "पोरांनी आपल्या घरी चार दिवस सुखानं राहिलेलं तुला बघवत नाही. परवा सकाळी आम्ही निघणार."

"आपल्या घरी म्हणजे कुठं?" मी विचारलं. मला पुढं बोलायला हवं होतं, पण धाकटीची मान घामोळ्यांनी लाल झाली होती आणि आईची नजर तिथंच होती. रात्रभर कूलर चालूनही उशी गरम लागत होती. मी आतून डळमळले होते. पोराचं काही बरंवाईट झालं तर, या एका विचारापुढं कुठल्या आईचा हट्ट टिकतो?

भाऊंना मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि फक्त विचारलं, "तुमी काय म्हणता?"

"मला पाठवायचं नाही."

"मंग नाई जात."

"भाऊ, आई ऐकणार नाही."

"पाहू. मोठ्या बायले उद्या गाडीत बसवा."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि बाराच्या सुमाराला गावची लाइट गेली. मोठा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, संध्याकाळशिवाय येणार नव्हती. दवाखान्यात जनरेटर होता, पण उन्हानं चक्कर आलेली माणसं एकामागून एक येत होती आणि मला जागचं हलता येत नव्हतं. मी आईला फोन केला. ती संतापली होती. "कूलर बंद पडलाय. हा म्हातारा दार उघडू देत नाही. मला तिकीट घ्या म्हणतो! पान! मी आत्ताच्या आत्ता पोरांना घेऊन हॉटेलात जाते, नाहीतर स्टेशनवर जाऊन बसते."

"आई, बाहेर काढू नकोस त्यांना. पाया पडते तुझ्या."

फोन तुटला. पुन्हा लागेना. ती दुपार मी कशी काढली ते मलाच माहीत. रक्ताच्या नळ्या हातात घ्यायची, त्यांवरची नावं वाचायची, आणि डोळ्यापुढे स्टेशनचा तापलेला पत्रा. लॅबमधल्या सगळ्यांवर मी ओरडले. पाच वाजताच स्कूटी काढली ती सरळ घरी.

अंगणाचं दार बंद. आमची खोली रिकामी, आईची बॅग दाराशी बांधून ठेवलेली. मग भिंतीपलीकडून आवाज आला. भाऊंचाच, पण ओळखू न येणारा, घोगरा, पार बसलेला.

"...जिमलगट्टा गेलं. आता उतार हाये. आता थोडंच."

मावशींनी स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि मी मधल्या खोलीचं आतलं दार हळूच लोटलं. आत अंधार, आणि बाहेरच्या मानानं खरोखरच गारवा. आढ्यापासून ओली चादर टांगलेली. घंटीचा दोर घंटीवरून काढून त्या चादरीला बांधलेला. दोर ओढला की चादर बाजेवरून डुलायची आणि ओला वारा यायचा. बाजेवर दोन्ही मुलं पालथी झोपलेली, पाठीवर घाम नाही. आणि दोर ओढत होती माझी आई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, दोन्ही पाय पाण्यानं भरलेल्या घमेल्यात. भाऊ बाकावर बसलेले, दोन्ही तळहातांना ओलं फडकं गुंडाळलेलं. बारापासून त्यांनी तो दोर एकट्यानं ओढला होता. आई मध्ये घेऊ बघत होती, तर ते म्हणायचे, "तुमी पॅशिंजर हाव. बसा." शेवटी आलापल्लीला हाताची सालं निघाली तेव्हा तिनं दोर हिसकावून घेतला. आवाज बसला तरी ते गावांची नावं सांगायचे थांबले नव्हते, कारण थांबले की धाकटी झोपेतच विचारायची, "कुठं आलं?"

मी पुढं पाऊल टाकलं. भाऊंनी फडक्यातला हात वर केला.

"थांबा बाई. गाडी लागली नाई अजून."

पोटची पोरं समोर दिसत असताना मी त्या उंबऱ्यावर उभी राहिले. आईनं माझ्याकडे बघितलं आणि दोर ओढतच राहिली. भाऊंनी थोडा वेळ आणखी दोन-तीन गावं म्हटली. मग बाकावर चढून त्यांनी हातानंच एकदा घंटी वाजवली. "सिरोंचा" हा शब्द काही त्यांच्या घशातून बाहेर आला नाही, नुसती हवा आली.

पण धाकटी उठून बसली. डोळे चोळले. दाराकडे बघितलंच नाही तिनं, आजीचा पदर ओढला. "आजी, ऊठ. सिरोंचा आलं. आता आई येते."

"तुला कसं माहीत?" आईनं विचारलं.

"रोजच येते," धाकटी म्हणाली. इतकं उघड आजीला कळू नये याचं तिला नवल वाटलं. मग वळली तर मी होतेच. ती धावत आली नाही की काही नाही. आली, माझ्या कडेवर चढली आणि आंबे कुठं आहेत म्हणून विचारू लागली.

आईचे पाय अजून घमेल्यात होते. मुलं मावशींबरोबर अंगणात गेली, बादलीतल्या आंब्यांवरून भांडू लागली, तेव्हा ती म्हणाली, "गेल्या वर्षी माझ्याकडं ही रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभी राहायची. तुला कधी सांगितलं नाही मी. मग एक दिवस जायची बंद झाली. मला वाटलं, बरं झालं, रुळली." तिनं पाय बाहेर काढले. ते पांढरे पडून सुरकुतले होते. "रुळली नव्हती गं. तिनं वाट बघायचं सोडून दिलं होतं."

मला रडू आलं आणि या वेळी मी नळ शोधला नाही.

आईनं पदरानं पाय पुसले, मोबाइल माझ्या हातात दिला. "ती तिकिटं कशी रद्द करतात ते बघ. तिन्ही." मग भाऊंकडे वळली. "हाताला काय लावलंय का तुम्ही? आणि उद्या किती वाजता निघायचं?"

भाऊंना बोलता येत नव्हतं. त्यांनी फडक्यातून दोन्ही हातांचं एकेक बोट वर केलं आणि शेजारी शेजारी धरलं. अकरा.

"येते मी," आई म्हणाली. "पण दोर सुरुवातीपासून माझ्याकडं."

त्यांनी मान जोरजोरात नकारार्थी हलवली. आईनं तिकडे लक्षच दिलं नाही.